कांद्याचा भाव झोके का घेतो?

डिसेंबर २०१९ मध्ये देशातील अनेक शहरांत कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. मिसळीच्या बशीतला चिरलेला कांदा दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी कोबी किंवा मुळा आला. त्यानंतर सुमारे सव्वातीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने पाच क्विंटलांहून थोडा अधिक कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता त्याच्या हाती जो धनादेश पडला तो होता दोन रुपयांचा. त्या धनादेशाची बातमी देशभर गाजली.

यातला पहिला भाव किरकोळीचा आणि दुसरा घाऊक. शिवाय सोलापूरचा तो माल हलक्या प्रतीचा होता, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. तेव्हा शंभराला एकाने भागून 'भाव शंभरपट बदलला' असे म्हणणे शास्त्रीय होणार नाही. पण हे सारे जमेस धरूनही फरक प्रचंडच उरतो. पीक तेच, जमीन तीच, खाणारी तोंडेही साधारण तितकीच. मग असे का व्हावे?

या प्रश्नावर चावडीवर, रेल्वेच्या डब्यात आणि स्वयंपाकघरात एकच उत्तर मिळते. फक्त आरोपी बदलतो. कुणी म्हणतो व्यापारी साठेबाजी करतात, कुणी म्हणतो सरकारचे धोरण चुकते, कुणी म्हणतो शेतकरी एकमेकांचे पाहून सगळेच कांदा लावतात. या तिन्ही आरोपांत थोडेबहुत तथ्य असेलही. पण आपण शास्त्राचे विद्यार्थी. घर्षण नसते तर काय झाले असते, असे आपण प्रयोगशाळेत विचारतो ना? तसेच येथे विचारू या. समजा, सर्व व्यापारी सचोटीचे आहेत, सरकार बाजारात अजिबात हात घालत नाही आणि शेतकरी आपापल्या परीने शहाणपणानेच वागतात. तरीही कांद्याचा भाव झोके घेईल काय?

घेईल. आणि तो का घेईल हे समजायला लंबक आणि स्प्रिंग यांविषयी तुम्ही शाळेत जे शिकलात तेवढे बरेचसे पुरेसे आहे.

भाव ठरतो कसा?

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या व्यापाराचे मोठे केंद्र. हंगामात तेथे सकाळी बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीजवळ येतो, कुणी दोन-चार कांदे हातात घेऊन आकार, रंग आणि वरचे सुके पापुद्रे पाहतो, बोली सुरू होते आणि थोड्याच वेळात संपते. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. बोली क्विंटलवर, म्हणजे शंभर किलोंवर असते. संध्याकाळी दिवसाचे तीन आकडे जाहीर होतात: किमान भाव, कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव. वृत्तपत्राच्या बाजारभावाच्या पानात हेच तीन आकडे तुम्हांला दिसतात.

या लिलावात कुणीही 'आजचा योग्य भाव' ठरवून आलेला नसतो. तरी तो ठरतो. एखाद्या दिवशी भाव फार चढा लागला तर पुढच्या शहरांतल्या गिऱ्हाइकांकडून तितका माल उठत नाही. व्यापाऱ्याच्या गोदामात तो पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी तो हात आखडता घेतो. भाव फार उतरला तर माल भराभर उठतो, व्यापारी एकमेकांवर चढाओढ करतात आणि भाव वर सरकतो. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी जरा बाजूला सारून सोडली तर ती पुन्हा तळाकडे येते, तसेच हे. गोटीला तळाकडे खेचणाऱ्या बलाला आपण पुनःस्थापक बल म्हणतो. बाजारात ते काम गिऱ्हाइकाची मागणी आणि मालाचा पुरवठा ही दोघे मिळून करतात. ज्या भावाला आणलेला माल आणि उचललेला माल सारखा भरतो, त्याला अर्थशास्त्रात समतोल किंमत म्हणतात.

येथपर्यंत सारे छान. पण वाटीतली गोटी तळाशी आली की लगेच थांबते का? थांबत नाही. ती पलीकडे जाते. किती पलीकडे जाते आणि किती वेळ डोलत राहते, हा खरा प्रश्न.

ताठ स्प्रिंग

तुमच्या घरी महिन्याला किती कांदा लागतो? समजा पाच किलो. उद्या कांदा दहा रुपये किलो झाला तर तुम्ही महिन्याला वीस किलो कांदा खाल काय? मुळीच नाही. फार तर आई एखादे वेळी भजी अधिक करील. आणि भाव साठ रुपये झाला तर? कुरकुर होईल, कोशिंबिरीतला कांदा जाईल, पण फोडणीतला राहील. पाचाचे चार किलो होतील, शून्य होणार नाहीत. म्हणजे भाव कितीही हलला तरी खप फारसा हलत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की, बाजारात येणारा माल थोडासा जरी कमी-अधिक झाला तरी भाव खूप हलवावा लागतो. तेव्हाच कुठे खप त्या मालाइतका होतो. ही गोष्ट तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने आकड्यांत मांडली होती. ग्रेगरी किंग हे त्याचे नाव. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कोष्टक चार्ल्स डॅव्हनंट याने १६९९ मध्ये प्रसिद्ध केला. तो सांगतो की गव्हाचे पीक नेहमीपेक्षा एक-दशांशाने कमी आले तर भाव तीन-दशांशाने वाढतो. दोन-दशांशाने कमी आले तर आठ-दशांशाने. आणि पीक निम्मेच आले तर भावात साडेचार पटींची भर पडते.

जरा हिशेब करून पाहा. पीक १०० पोती असताना भाव १०० रुपये, म्हणून एकूण पैसे १०,०००. पीक ९० पोती आले, भाव १३० झाला; एकूण पैसे ११,७००! पीक कमी आले आणि शेतकऱ्यांना मिळून पैसे अधिक मिळाले. उलट दिशेने जा, म्हणजे पीक भरघोस येऊ द्या. पैसे कमी होतील. 'पीक चांगले आले म्हणून शेतकरी बुडाला' हे वाक्य शहरातल्या मुलाला विनोदी वाटते, पण ते साधे गुणाकाराचे गणित आहे. अर्थात कमी पिकाच्या वर्षी ज्याचे शेत पावसाने धुऊन नेले, त्याच्या वाट्याला त्या ११,७०० रुपयांतले काहीच येत नाही. सरासरी आणि माणूस यांत हा फरक नेहमीच राहतो.

आपल्याकडचे आकडे पाहू. सरकारी अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला आणि २०२३-२४ मध्ये सुमारे २४२ लाख टन. घट झाली जवळजवळ दोन-दशांश. किंगच्या गव्हाचा कोष्टक कांद्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, पण एवढ्या घटीने बाजारात आणि दिल्लीत खळबळ का उडाली हे त्यावरून कळते.

भाव बदलल्याने खप किती बदलतो, हे मोजण्यासाठी अर्थशास्त्रात 'लवचिकता' हे माप आहे. खपातील शेकडेवारी बदलाला भावातील शेकडेवारी बदलाने भागले की लवचिकता मिळते. किंगच्या पहिल्या ओळीत खप १० टक्के बदलला आणि भाव ३० टक्के. लवचिकता झाली एक-तृतीयांश. एकापेक्षा कमी लवचिकता म्हणजे मागणी ताठ.

हा शब्द अर्थशास्त्रात रूढ केला आल्फ्रेड मार्शल या केंब्रिजच्या प्राध्यापकाने, आपल्या १८९० सालच्या ग्रंथातून. मार्शल मूळचा गणिताचा विद्यार्थी. १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला. पहिला कोण आला होता ठाऊक आहे? पुढे आर्गॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारा लॉर्ड रॅले! पहिला भौतिकीत गेला, दुसरा अर्थशास्त्रात. भौतिकीतल्या 'इलॅस्टिसिटी'ला मराठीत आपण स्थितिस्थापकता म्हणतो आणि अर्थशास्त्रातल्या 'इलॅस्टिसिटी'ला लवचिकता. इंग्रजीत शब्द एकच आहे. मला मराठीतली ही फारकत आवडते. कारण पदार्थविज्ञानाच्या वर्गात आम्ही ठासून सांगतो की पोलाद हे रबरापेक्षा अधिक स्थितिस्थापक आहे, आणि मुले बुचकळ्यात पडतात. मार्शलने मात्र रबराचाच, रोजच्या बोलण्यातला अर्थ घेतला. त्या अर्थाने कांद्याची मागणी म्हणजे ताठ पोलादी स्प्रिंग. ती जरा दाबायची म्हटली तरी भावाचा भलामोठा जोर लावावा लागतो.

उशिराचा खेळ

काडेपेटीची किंमत चौदा वर्षे एक रुपया होती. ती डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपये झाली. काड्यांचा खप वाढला तर कारखान्यात एक पाळी वाढवायची, घटला तर कमी करायची. आठवड्याभरात पुरवठा जुळतो. शेताला पाळी वाढवता येत नाही. कांद्याचे बी आधी गादीवाफ्यावर पेरतात. सहा ते आठ आठवड्यांनी रोप तयार झाले की ते उपटून शेतात लावतात. लावणीपासून काढणीपर्यंत आणखी साडेतीन-चार महिने. म्हणजे 'यंदा कांदा करायचा' असे ठरवल्यापासून ट्रॉली लासलगावच्या रांगेत उभी राहीपर्यंत पाच-सहा महिने जातात.

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम. खरीपाचा लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे निघू लागतो, त्याच्यामागून रांगडा येतो आणि मार्च ते मे या महिन्यांत उन्हाळ कांदा निघतो. देशाच्या वर्षाच्या कांद्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश कांदा रब्बीचा, म्हणजे हाच उन्हाळ कांदा असतो, आणि तोच टिकतो. पावसाळाभर आपण तोच खातो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत त्याचा साठा सरत येतो, नवा लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो, आणि त्यात परतीच्या पावसाने लाल कांदा कुजवला की भाव भडकतो. २०१९ साली नेमके हेच झाले होते.

आता मौज पाहा. (मौज कसली, पण शास्त्रात असा शब्द आपण वापरतो.) उन्हाळ कांद्याचे बी टाकायची वेळ कोणती? ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे ज्या वेळी भाव वर्षातला सर्वांत चढा असण्याचा संभव, नेमके त्याच वेळी शेतकऱ्याला सर्वांत मोठ्या पिकाचा निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय बाजारात उतरणार असतो एप्रिलमध्ये.

स्नानगृहात गरम पाण्याची टाकी दूर असते तेव्हा काय होते ते आठवा. तुम्ही गरम नळ थोडा सोडता. पाणी गारच येते. आणखी सोडता, तरी गारच. मग पुरा सोडता. एवढ्यात नळीतले गार पाणी संपते आणि चटका बसतो. घाईघाईने नळ बंद करता. चटका काही वेळ चालूच राहतो, म्हणून आणखी बंद करता, आणि मग अंगावर बर्फासारखे पाणी. तुमची त्वचा खरे तेच सांगते, हातही सांगितले तेच करतो. दोष कुणाचाच नाही. नळीच्या लांबीमुळे हाताची करणी आणि त्वचेची खबर यांत अंतर पडले, एवढेच.

हे आकड्यांत करून पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. एका गावाच्या बाजारात दर हंगामाला १०० ट्रॉल्या कांदा येतो तेव्हा भाव किलोला २० रुपये असतो. एक ट्रॉली जास्त आली की भाव ५० पैशांनी उतरतो, एक कमी आली की ५० पैशांनी चढतो. हा झाला मागणीचा नियम. पुरवठ्याचा नियम असा: शेतकरी गेल्या हंगामाचा भाव पाहून लावणी करतात.

एका वर्षी पावसाने २० ट्रॉल्यांचे पीक गेले. ८० ट्रॉल्या आल्या आणि भाव ३० रुपये झाला.

गावचे शेतकरी सावध आहेत असे धरा. भाव एक रुपयाने वाढला तर पुढच्या हंगामाला ते एकच ट्रॉली वाढवतात. दहा रुपये वाढले म्हणून ११० ट्रॉल्या आल्या. भाव १५ रुपयांवर उतरला. पाच रुपये कमी झाले म्हणून पुढे ९५ ट्रॉल्या, भाव साडेबावीस. मग १०२.५ ट्रॉल्या, भाव १८.७५. झोके दर खेपेला निम्मे होत जातात आणि भाव पुन्हा विसावर येऊन ठेपतो. हवेत सोडलेला लंबक जसा हळूहळू स्थिर होतो तसा.

आता शेतकरी थोडे अधिक उत्साही आहेत. रुपयामागे दोन ट्रॉल्या वाढवतात. ३० रुपये पाहून १२० ट्रॉल्या आल्या, भाव १० रुपये. १० रुपये पाहून ८० ट्रॉल्या, भाव ३०. पुन्हा १२०, पुन्हा ८०. पाऊस एकदाच चुकला होता, पण झोका कायमचा लागला.

आणि रुपयामागे अडीच ट्रॉल्या वाढवल्या तर? ३० रुपयांना १२५ ट्रॉल्या, भाव साडेसात. मग सुमारे ६९ ट्रॉल्या, भाव ३५ रुपये ६० पैसे. मग १३९ ट्रॉल्या, आणि भाव ४७ पैसे!

तिन्ही वेळा शेतकरी तेच करीत होते: भाव पाहून लावणी. फरक फक्त एका गुणाकाराचा. 'एका ट्रॉलीने भाव किती हलतो' गुणिले 'एका रुपयाने किती ट्रॉल्या हलतात' हा गुणाकार एकाहून कमी असेल तर झोके विरतात, एक असेल तर टिकतात, एकाहून अधिक असेल तर वाढतात. यातला पहिला आकडा म्हणजे आपली ताठ स्प्रिंग. मागणी जितकी ताठ, तितका तो मोठा. म्हणून पाच-सहा महिन्यांचा उशीर आणि ताठ मागणी ही जोडी जिथे जमते तिथे भाव शांत बसत नाही.

आलेख-कागदावर आडवा ट्रॉल्यांचा आणि उभा भावाचा अक्ष घेऊन मागणीची उतरती व पुरवठ्याची चढती रेघ काढा. एका भावापासून आडवे पुरवठ्याच्या रेघेपर्यंत, तेथून उभे मागणीच्या रेघेपर्यंत, पुन्हा आडवे, असे जात राहिलात की कोळ्याचे जाळे तयार होते. म्हणूनच १९३४ मध्ये निकोलस काल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने याला कोळिष्टकाचा सिद्धांत असे नाव दिले. त्याआधी १९२८ मध्ये आर्थर हानाऊ याने जर्मनीतल्या डुकरांच्या भावात असेच आवर्तन दाखवले होते, आणि १९३० साली तिघा वेगवेगळ्या लोकांनी त्याचे गणित मांडले. त्या तिघांपैकी एक यान टिंबर्गेन हा मूळचा पदार्थविज्ञानाचाच विद्यार्थी. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९६९ मध्ये दिले गेले, त्याचा तो एक मानकरी.

शेतात सोडून दिलेला कांदा

४७ पैसे भावाला कुणी कांदा विकेल काय? येथे अर्थशास्त्रातला आणखी एक विचार शिकण्याजोगा आहे. समजा, एक क्विंटल कांदा पिकवायला बियाणे, लावणीची मजुरी, खत, फवारणी मिळून ९०० रुपये खर्च झाले, आणि आता तो काढायला, भरायला आणि बाजारात न्यायला आणखी ३०० रुपये लागणार आहेत. बाजारभाव क्विंटलला ५०० रुपये आहे. एकूण खर्च १,२०० आणि मिळणार ५००. मग विकायचा की नाही?

विकायचा. कारण ९०० रुपये मातीत गेले ते गेले, विकले तरी आणि न विकले तरी. आता प्रश्न एवढाच की ३०० खर्चून ५०० मिळतात की नाही. मिळतात, म्हणजे तोटा ९०० वरून ७०० वर येतो. पण भाव २५० झाला तर ३०० खर्चून २५० मिळवणे म्हणजे तोट्यात ५० ची भर. तेव्हा उभ्या पिकात ट्रॅक्टर फिरवणे हाच हिशेबी निर्णय ठरतो. वर्तमानपत्रात असे छायाचित्र येते तेव्हा 'रागाच्या भरात पीक नष्ट केले' असे लोक म्हणतात. राग असतोच, आणि का नसावा? पण त्या रागाच्या खाली हे वजाबाकीचे गणितही असते. २०२३ च्या त्या पडझडीनंतर महाराष्ट्र शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले. वरच्या उदाहरणात ३५० मिळवून पाहा, म्हणजे त्या रकमेने काय साधते आणि काय साधत नाही ते कळेल.

झोके आवरायचे कसे?

रेडिओत प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करताना जो चढउतार उरतो तो घालवायला धारित्र बसवतात. दाब चढला की ते भरते, उतरला की रिकामे होते. बाजारातले धारित्र म्हणजे साठवण. एप्रिलमध्ये भाव पडला असताना कांदा बाजूला ठेवायचा आणि सप्टेंबरात काढायचा. शेतकऱ्याची कांदाचाळ हेच काम करते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंचावर, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी ती लांबट, अरुंद चाळ तुम्ही नाशिककडे जाताना पाहिली असेल.

पण हे धारित्र गळके आहे. चाळीत चार-पाच महिन्यांत पाणी सुकून कांद्याचे वजन घटते, काही कांदे सडतात, पावसाळी हवेत काहींना कोंब फुटतात. मिळून चौथा हिस्सा सहज जातो, कित्येकदा तिसरा किंवा अधिकही. त्यामुळे साठवणाऱ्याला दुहेरी जुगार खेळावा लागतो: भाव चढेल का, आणि चढेपर्यंत कांदा उरेल का?

कोंब थांबवण्याचा एक उपाय आपल्या विषयातला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला 'कृषक' नावाचे संयंत्र उभारले. त्यात कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. त्याने कांद्याच्या पोटातल्या अंकुराच्या पेशींचे विभाजन थांबते. कांदा किरणोत्सर्गी होत नाही. मात्रा फार थोडी, ६० ते ९० ग्रे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. ९० ज्यूल उष्णतेने किलोभर कांद्याचे तापमान एका अंशाच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकेच वाढेल! मात्र किरणांनी सडणे किंवा सुकणे थांबत नाही. शिवाय हे काम काढणीनंतर लवकर, अंकुर जागा होण्याआधी करावे लागते. त्यासाठी ढीगभर कांदा एकाच वेळी दाराशी येतो, आणि नंतर त्याला शीतगृहही हवे. म्हणून शास्त्रीयदृष्ट्या सोपा असूनही हा उपाय अजून घरोघरी पोचलेला नाही.

केंद्र सरकारही कांदा विकत घेऊन साठवते. २०२३-२४ साठी साठ्याचे उद्दिष्ट ५ लाख टनांचे होते. २४२ लाखांशी तुलना केली तर हे दोन टक्के. मागणी ताठ असल्याने दोन टक्केही योग्य वेळी सोडले तर भावावर परिणाम करतात, हे आपण पाहिलेच. पण दोन टक्क्यांच्या धारित्राने वीस टक्क्यांची उसळी जिरणार नाही.

सरकारच्या हाती दुसरा नळ आहे निर्यातीचा. शहरात भाव भडकला की तो बंद होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यात बंद झाली, मार्च २०२० मध्ये उघडली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंद, जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सुरू. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये बंदी, मे २०२४ मध्ये शुल्कासह परवानगी, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही रद्द. भाव भडकला की सरकारने हातावर हात ठेवून बसावे असे कुणी म्हणणार नाही. १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत कांदा हा मोठा मुद्दा झाला होता आणि सत्ताधारी पक्ष हरला होता, हे कोणतेही सरकार विसरत नाही. पण स्नानगृहात नळ फिरवणारे हात दोन झाले, आणि दोघांनाही उशिराच खबर मिळत असली, तर पाणी लवकर कोमट होईल याची खात्री देता येत नाही. डिसेंबरात बंद केलेला नळ एप्रिलच्या उन्हाळ कांद्यालाही लागतो, हा त्यातला अडचणीचा भाग.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला हे सारे कळत नाही काय? कळते. 'भाव चढला, आता सगळे लावतील, आपण नको' असे म्हणणारे लोक प्रत्येक गावात असतात. १९६१ साली जॉन म्यूथ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हाच आक्षेप घेतला की, माणसे मागच्या भावावर डोळे मिटून चालत नाहीत, ती पुढचा अंदाज बांधतात. आक्षेप योग्य आहे. त्यामुळे खरा आलेख आपल्या जाळ्याइतका रेखीव नसतो. पण अंदाज बांधायला माहिती लागते. शेजारच्या तालुक्यात, मध्यप्रदेशात, गुजरातेत किती एकरांवर रोप टाकले गेले, हे ऑक्टोबरात कळले तर अंदाजाला अर्थ. ती आकडेवारी लवकर आणि खात्रीची मिळणे म्हणजे स्नानगृहातली नळी आखूड करणेच होय. माझ्या मते चाळीइतकेच हे कामही महत्त्वाचे आहे, जरी त्याचे छायाचित्र काढता येत नसले तरी.

एक प्रयोग सांगतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आजपासून दर रविवारी वृत्तपत्रातून लासलगावचा सर्वसाधारण भाव वहीत उतरवून घ्या आणि त्याच दिवशी तुमच्या मंडईतला किरकोळ भाव विचारून शेजारी लिहा. घाऊक भाव क्विंटलचा असतो, त्याला शंभराने भागायला विसरू नका. वर्षभराचे बावन्न बिंदू एकाच कागदावर दोन रंगांत मांडा. पावसाचे मोठे दिवस, दिवाळी, आणि निर्यातीबद्दलची एखादी सरकारी घोषणा झाली तर तो दिवस, अशा उभ्या रेघा मारा. मग दोन गोष्टी मोजा: घाऊक भाव चढल्यावर किरकोळ भाव किती दिवसांनी चढतो, आणि घाऊक भाव उतरल्यावर किरकोळ भाव किती दिवसांनी उतरतो. हे दोन आकडे सारखे येतात का?